दाजी, ती हत्तीण होती

दाजी,

तुमच्या दहाव्याच्या दिवशी सकाळी मी होटगीच्या चौकात चार पोरांना फैलावर घेतलं. त्यांनी तुमचा फ्लेक्स लावला होता. रेल्वेच्या ओळखपत्रावरचा तुमचा फोटो ताणून मोठा केलेला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'आंतरराष्ट्रीय छायाचित्रकार', आणि तुमच्या खांद्यामागून डोकावणारा एक पट्टेरी वाघ. मी म्हणालो, अरे, हा माणूस आफ्रिकेला गेला होता, आफ्रिकेच्या रानात वाघ नसतो, तुम्हांला शाळेत शिकवलं कुणी? त्यातल्या एकानं खाली बघत उत्तर दिलं, "तुमीच की सर."

तरी मी तो उतरवायला लावलाच. दुपारपर्यंत नवा आला, त्यात सिंह होता. मी हात झटकले. घरात एक शिकलेला माणूस असला की त्याचा असा उपयोग होतो, असं मला वाटलं. आणि त्यानंतर तीन तासांत मला कळलं, की गेली चार वर्षं त्या वाघाहून मोठी चूक मी छापून, चौकटीत घालून, माईकवर वाचून दाखवतोय. आणि तुम्हांला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

म्हणून हे लिहितोय. बाकीच्यांनी तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घेतलं. मला भांडायचंय.

शोकसभा रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये होती. हार घातलेल्या तुमच्या फोटोशेजारी त्यांनी तुम्ही केनियात काढलेला तो फोटो मांडला होता, सगळ्यांना माहीत असलेला. लांब सुळ्यांचा हत्ती, मागं फिकट डोंगर, आणि हत्तीच्या पुढच्या दोन पायांत डोकं घालून उभं राहिलेलं पिल्लू. सिग्नल केबिनमधले तुमचे जोडीदार म्हेत्रे उठले आणि त्यांनी फोटोखालची माझी ओळ वाचली. 'बाप. स्वतः ऊन खातो आणि लेकराला सावली देतो. जगाच्या पाठीवर कुठंही जा, बाप असाच उभा असतो. माझ्या वडिलांना.' शेवटच्या शब्दांना म्हेत्र्यांचा आवाज फुटला. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मग जाहीर झालं की हा फोटो हॉलमध्ये कायमचा लागणार, येत्या रविवारी. खाली पितळी पट्टीवर ती ओळ कोरणार आणि त्याखाली 'शब्दांकन' म्हणून माझं नाव. मला तुमची आठवण येऊन भरून आलं. खोटं कशाला सांगू, थोडी छातीही फुगली.

लोक पांगल्यावर एक बाई माझ्याजवळ आल्या. पुण्याच्या, दातांच्या डॉक्टर. केनियात आठ दिवस तुमच्याच जीपमध्ये होत्या म्हणाल्या; अक्कानं फोन केला म्हणून आल्या. तुमच्याबद्दल बोलता बोलता जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "राग मानू नका सर, पण तो हत्ती नाही. हत्तीण आहे."

मी हसलो, दाजी. दुःखाच्या घरी आलेल्या बाईंसमोर मी हसलो. म्हणालो, मॅडम, एवढे सुळे दिसतायत की. हत्तिणीला सुळे नसतात. देवळातला हत्ती पाहिलाय आम्ही, सर्कशीतली हत्तीण पाहिली आहे. दातांच्या डॉक्टरला मी दातांबद्दल शिकवलं! त्यांनी पेशंटला समजावतात तसं मला सावकाश समजावलं. आपल्याकडच्या हत्तिणीला बाहेर सुळे दिसत नाहीत. आफ्रिकेत नर आणि मादी दोघांनाही असतात. आणि मोठा नर पिल्लाला घेऊन असा उभा राहत नाही, पिल्लं आयांच्या कळपात असतात. "आणि ते सावलीला उभं नाहीये हो," त्या म्हणाल्या. "दूध पितंय. हत्तिणीचे स्तन पुढच्या पायांच्या मध्ये असतात ना. तुमच्या दाजींनी आम्हांला जवळजवळ तासभर हलू दिलं नाही. पिऊ द्या त्येला निवांत, म्हणायचे."

तुमचं ते वाक्य त्यांच्या पुणेरी तोंडून ऐकलं आणि मी वाद सोडला. कारण ते खरं होतं. ते तुमचंच वाक्य होतं.

म्हणजे तुम्हांला माहीत होतं. तासभर समोर बसून तुम्ही पाहिलं होतं. मग माझी ती ओळ फ्रेमखाली चिकटवताना तुम्ही कुठं बघत होतात? कात्री तुमच्याच हातात होती. पुठ्ठा तुम्हीच कापलात.

चार वर्षं, दाजी. ती ओळ पेपरात छापून आली, तुम्ही कात्रण कापून पाकिटात ठेवलंत. मी ती नववीच्या वर्गाला चित्रवर्णनाचा नमुना म्हणून शिकवली. वक्तृत्व स्पर्धेत पोरं छातीवर हात ठेवून ती पाठ म्हणतात आणि बक्षिसं घेऊन येतात. त्यातल्या एका स्पर्धेला तुम्ही पाहुणे होतात! तुमच्या हातून बक्षीस दिलं गेलं! तेव्हाही तुम्ही ती ओळ म्हणणाऱ्या मुलीला नुसतं म्हणालात, "लई भारी बोललीस बाय."

आपलं हे सगळं सुरू झालं तेव्हा मी आठवीत होतो. अक्काशी लग्न करून तुम्ही पहिल्यांदा आमच्या धरणाकाठच्या गावी आलात. जावई आला म्हणजे बाजेवर बसतो, पोहे खातो, गावच्या लोकांना आपली नोकरी सांगतो, असं आम्हांला वाटत होतं. तुम्ही गळ्यात एक जुना कॅमेरा अडकवून सकाळीच फुगवट्याच्या पाण्यावर गेलात आणि पाणी उपसायच्या मोटारीच्या पाइपावर बसून राहिलात. दहा वाजले, अकरा वाजले. आईनं मला बघायला पाठवलं. तुम्ही मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलंत. पुढं पाण्यात रोहित पक्षी उभे होते, शेदोनशे तरी असतील, एका पायावर. मी त्यांच्या शेजारी वाढलो आणि मी त्यांच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर अण्णा आईला हळूच म्हणाले, "पाव्हणं येडं न्हाय न्हवं?" तुम्ही ते ऐकलंत आणि म्हणालात, "थोडं हाय, मामा." तिथून पुढं तुमची दोघांची गट्टी जमली. सासरा-जावयाची एवढी जमलेली मी दुसरीकडं पाहिली नाही.

तुम्ही पॉइंट्समन. रूळ बदलायचे, झेंडी दाखवायची, गाडी जाईपर्यंत हलायचं नाही. दहावी नापास. आणि मी आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी कधी लपवलं नाही आणि आताही लपवणार नाही. म्हशी राखणाऱ्या माणसाचा मुलगा सोलापुरात राहून, खानावळीत जेवून बी.ए. झाला. तुम्ही मला 'बीयेसाहेब' म्हणायचात. चिडवायला म्हणायचात, पण दुसऱ्यासमोर म्हणताना तुमची मान जरा ताठ व्हायची. ते मी बघितलंय.

रेल्वेचा पास हातात पडला की लोक तिरुपतीला जातात, बायकोच्या माहेरी जातात. तुम्ही दीपस्तंभ बघायला जायचात. जिथं रूळ संपतात आणि पुढं समुद्र लागतो, तिथं तुमचा पास जायचा. द्वारका, पुरी, कन्याकुमारी, रामेश्वर. अक्का दोनदा आली आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, मला आता एकच खांब परत परत बघायचा नाही. मी एकदा विचारलं होतं, दीपस्तंभच का? तुम्ही म्हणालात, "सिग्नलच की त्यो. फक्त त्येला ठावं नसतंय, कुटली गाडी येणार हाय."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि माझ्या भाषेत सुधारलं. तेव्हापासून आपला धंदा ठरला. फोटो तुमचे, ओळी माझ्या. तुम्ही रेल्वेच्या जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूचे तुकडे करून प्रत्येक फोटोमागं एक चिठ्ठी लावायचात. जागा, वेळ, आणि काय चाललं होतं ते. केबिनच्या रजिस्टरात गाडी लिहावी तसं. मी लाल पेन घ्यायचो. 'लाइटहाऊस' खोडून 'दीपस्तंभ', 'वारं लई' खोडून 'सोसाट्याचा वारा'. आणि मग चिठ्ठी बाजूला ठेवून चार ओळी मनाच्या लिहायचो. तुम्ही त्या मोठ्यानं वाचायचात, अडखळत, आणि म्हणायचात, "व्वा बीयेसाहेब." एकदासुद्धा म्हणाला नाहीत की हे असं नव्हतं.

भांडलो आपण एकदाच, महाबलीपुरमला. मद्रासच्या गाडीनं गेलो होतो, तुमचा पास आणि माझं तिकीट. खडकावर तो जुना दगडी दीपस्तंभ. मी म्हणालो, खालून वर घ्या, आभाळात घुसलेला दिसेल. तुम्ही उलट बाजूला चालत गेलात आणि खडकावर पडलेल्या त्याच्या सावलीचा फोटो काढलात. त्या सावलीच्या पट्ट्यात माणसं ओळीनं बसली होती. शेंगा विकणारी बाई, दोन म्हातारे, एक शाळेची सहल. ऊन सरकायचं तसे ते सगळे ढुंगणावर सरकायचे. तुम्ही दोन तास तिथं उभे राहिलात. चिठ्ठीवर लिहिलंत, 'तीन ते पाच. माणसं सहा वेळा सरकली.' मी म्हणालो, ही काय ओळ झाली? फोटोखाली काहीतरी अर्थ पाहिजे. तुम्ही म्हणालात, अर्थ फोटोत असला तर असतो, न्हाईतर आपण चिकटवून चिकटत न्हाय. मी म्हणालो, शब्दाशिवाय फोटो मुका असतो. तुम्ही म्हणालात, मग मुका राहू दे की, आंधळा तर न्हाय.

ते भांडण अर्धंच राहिलं, दाजी. मी दुसऱ्या दिवशी त्या फोटोला 'छत्रछाया' असं नाव दिलं आणि तुम्ही ते चिकटवलंत. मला वाटलं मी जिंकलो. सावली हा शब्द मला तिथून मिळाला, आणि तोच पुढं मी हत्तीवर टाकला.

केनियाला जायचं तुम्ही किती वर्षं बोलत होतात. रजा साठवली, साहेबाची परवानगी काढली. साहेब म्हणाले होते, सिंहच बघायचा तर सोलापुरात प्राण्यांची बाग आहे की. तुम्ही अख्ख्या कॉलनीला ते हसत सांगितलंत आणि गेलात. परत आलात तेव्हा काळे ठिक्कर पडला होतात आणि तीन दिवस फक्त एकच गोष्ट सांगत होतात. तिथं म्हणे जनावर रस्त्यात आलं की ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि ते जाईपर्यंत कोणी बोलत नाही. "सिग्नल जनावराच्या हातात, बीयेसाहेब. आपुन नुसतं थांबायचं." अण्णांना तुम्ही तिथल्या तळ्यावरचे रोहित दाखवलेत, हजारोंनी. अण्णा म्हणाले, "ह्ये बघाया इमानात बसला व्हय? हितं माज्या मोटारीवर येत्यात की फुकाट." घरात किती हसलो होतो आपण.

मग तुम्ही माझ्यापुढं फोटोंचा गठ्ठा ठेवलात. पाच मिनिटांत तो हत्ती माझ्या हातात आला आणि मला ओळ सुचली. चिठ्ठी मी वाचली नाही. हे आज पहिल्यांदा सांगतोय. मी तुमच्या केनियाच्या चिठ्ठ्या उघडल्याच नाहीत. फोटो समोर असताना चिठ्ठी कशाला? मला दिसत होतं की, बाप कोणता आणि लेकरू कोणतं.

प्रदर्शन माझ्याच कॉलेजात भरवलं. त्याच हॉलमध्ये मला पदवीचा कागद मिळाला होता. अण्णांना गावाहून आणलं. ते पांढरी टोपी घालून, धुतलेलं धोतर नेसून पुढच्या खुर्चीत बसले. अण्णांना अक्षराला अक्षर जोडून वाचता येतं. मी पहिलीत होतो तेव्हा माझ्या शेजारी बसून ते तेवढं शिकले. पण माझी ओळ लांब होती, जोडाक्षरं होती, आणि लोक वाट बघत होते. म्हणून मी माईक घेऊन ती त्यांना वाचून दाखवली. 'माझ्या वडिलांना' म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. अण्णांनी उपरणं तोंडाला लावलं. त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी तुमच्याकडं पाहिलं, तुम्ही त्यांच्याकडं पाहिलंत. मला वाटलं, दोघंही गहिवरलेत. आयुष्यात इतका मोठा मी कधी झालो नव्हतो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. त्या फोटोची एक प्रत अण्णांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी लागलेली आहे. मला ती चूक त्यांच्या कानावर घालायची होती, रविवारच्या आधी, आणि कशी घालावी ते कळत नव्हतं. अण्णा गोठ्यात होते, म्हशीखाली बसलेले. मी उभ्या उभ्या सांगितलं, अण्णा, तो फोटो चुकला. तो बाप नाही. ती हत्तीण आहे.

अण्णांनी धार थांबवली नाही. म्हणाले, "व्हय की."

मी म्हणालो, तुम्हांला कुणी सांगितलं?

"सांगाया कशाला पायजे? सारा जन्म कासंखाली गेला माजा. पिल्लाची मान कशी वळलीय बघ की. सावलीला उभं ऱ्हायलेलं वासरू शेपटी अशी हलवतंय व्हय?" मग चरवी बाजूला ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. हॉलमध्ये माझी ओळ ऐकून त्यांना हसू फुटलं होतं. "हसू बी आलं अन् डोळ्याला पाणी बी. कुटलं कशाचं कळंना, म्हनून उपरणं लावलं." बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी तुम्हांला विचारलं, पाव्हणं, ही मादी न्हवं? तुम्ही म्हणालात, व्हय मामा, मी चिट्टीत लिवलं हुतं, त्यानं वाचली नसंल. आता सांगतो. आणि अण्णांनी तुमचा हात धरला. म्हणाले, नगा सांगू. पोराचं नाव हाय त्याच्यावर. समद्या गावाम्होरं वाचलंय त्यानं.

तुम्ही शब्द दिलात आणि पाळलात. गाडी जाईपर्यंत हलायचं नाही, तसे.

दाजी, मी गोठ्यात उभा राहून ओरडलो. म्हशी बिथरल्या. एक माणूस दहावी नापास, एकाला अक्षर जोडून वाचावं लागतं, आणि दोघं मिळून बी.ए. झालेल्या माणसाची अब्रू सांभाळत होते! चहाच्या टपरीवर! मी काय वाटलो तुम्हांला, काचेचा? एवढा शिकलो तो चूक कळली तर फुटून जाण्यासाठी? मी तुमच्या प्रत्येक शब्दावर लाल रेघ ओढली. तुम्ही 'वारं' लिहिलंत तर मला चाललं नाही. आणि मी आईला बाप केलं तरी तुम्ही म्हणता व्वा बीयेसाहेब. ही माया म्हणायची का? माझ्या चुकीला जो हात लावत नाही, तो मला बरोबरीचा समजत नाही. तुम्ही मला पाहुण्यासारखं वागवलंत. जावई तुम्ही होतात, पण मान मला देत बसलात.

अण्णा शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तू तवा आइकलं असतंस व्हय?"

म्हशीला पेंड घातली आणि सोलापूरला आलो.

वाटेत मला हॉस्पिटलमधला तो दिवस आठवला. तुम्हांला बोलताना धाप लागत होती. तुम्ही मला विचारलंत, "चिट्ट्या ठिवल्यास का रं समद्या?" मी म्हणालो, हो, सगळ्या आहेत. तुम्ही म्हणालात, केनियाच्या बी? मी म्हणालो, दाजी, आराम करा आता. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "असू दे." मला ते औषधाच्या गुंगीतलं बोलणं वाटलं. तुम्ही दिलेला शब्द न मोडता मला सांगायला बघत होतात. आणि मी तुम्हांला आराम करा म्हणालो.

चिठ्ठ्या एका बुटाच्या खोक्यात होत्या, कपाटावर. मी तुम्हांला सांगितलेली थाप खरी निघाली. घरी आलो तसा खोका खाली काढला आणि जमिनीवर बसून वाचत गेलो. सगळ्या वाचल्या. सिंहाची होती, 'झोपला. उठला नाही.' जिराफाची होती. केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या किल्ल्याची होती, 'भिंतीत बाभळीसारखं झाड. पोरं मासळी वाळवतात.' मी त्या फोटोखाली पोर्तुगीजांचा इतिहास लिहिला होता. मग ती सापडली. पिवळा पडलेला फॉर्म, मागच्या बाजूला तुमचं ते टेकून टेकून लिहिलेलं अक्षर.

'हत्तीण. पिल्लू पीत होतं. ७.१० ते ८.०५. गाडी बंद ठेवली. मामांना दाखवणे.'

मामांना दाखवणे. म्हणजे तो फोटो तुम्ही मुळात अण्णांसाठीच काढला होता. तासभर तिथं बसून तुम्हांला आमचा गोठा दिसत होता. आणि मी तो फोटो हिसकावून घेऊन, खोटा करून, त्याच माणसाला अर्पण केला आणि टाळ्या घेतल्या.

मी म्हेत्र्यांकडं गेलो. म्हणालो, पट्टीवरची ओळ बदलायची. त्यांना पटेना. म्हणाले, "सर, पयली ओळ लई भारी हाय. मानसं रडली की. हत्ती काय न् हत्तीण काय, कुणाला कळतंय?" मी म्हणालो, मला कळतंय. बरीच हुज्जत झाली. अशी हुज्जत चार वर्षांपूर्वी तुमची आणि माझी व्हायला हवी होती. शेवटी म्हेत्रे म्हणाले, तुमची मर्जी.

पितळेवर अक्षर कोरणाऱ्याला मी तुमची चिठ्ठी दिली. सांगितलं, यातलं एक अक्षरही सुधारायचं नाही. खाली तुमचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात, 'या फोटोखाली आधी असलेली ओळ चुकीची होती. ती मी लिहिली होती.' आणि माझं नाव, बी.ए., बी.एड. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, साहेब, चुकीच्या खाली डिग्री कशाला? मी म्हणालो, तिथंच लिहायची. नववीच्या वर्गालाही सांगितलं. मागच्या बाकावरून विचारणा झाली, सर, मग बक्षीस परत द्यायचं का? मी म्हणालो, बक्षीस राहू द्या, ओळ परत द्या.

काल रविवार होता. फोटो लागला. अण्णांना मी गावाहून आणलं. तीच पांढरी टोपी. अक्का होती, म्हेत्रे होते, दातांच्या डॉक्टरांनी फोन करून चौकशी केली. मी या वेळी माईक घेतला नाही. अण्णा एकटेच पुढं गेले, पट्टीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. हळूहळू, एकेक अक्षर जोडत. कुठंच अडलं नाही त्यांचं. तुमच्या ओळीत अडण्यासारखं काही नव्हतंच. 'गाडी बंद ठेवली' पर्यंत आले आणि बोट थांबलं. पुढचं त्यांनी मनात वाचलं. दोनदा वाचलं असणार, कारण बोट परत मागं आलं.

मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "दाखवलंस. लई उशिरा, पर दाखवलंस."

हे तुमच्यासमोर व्हायला पाहिजे होतं, दाजी. त्या चहाच्या टपरीवर, मी तिथं असताना.